दुसऱ्यांच्या फिल्ममधून घडवलेला चित्रपट: एस्फिर शुब यांच्या दिग्दर्शनाविषयी

संकलन शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे : सोव्हिएत मूकपटांच्या इतिहासात आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि व्हर्तोव्ह या दिग्दर्शकांच्या बरोबरीने एस्फिर शुब यांचे नाव घेतले जाते, परंतु ज्यांच्या सर्वांत गाजलेल्या चित्रपटातील बहुतेक सर्व शॉट दुसऱ्यांनी घेतलेले आहेत, त्यांना दिग्दर्शक म्हणायचे ते कशाच्या आधारावर, आणि आज जुन्या फुटेजवर काम करणाऱ्याने त्यांच्याकडून नेमके काय शिकायचे?

माहितीपटांच्या संकलनात, आणि त्यातही संग्रहातील जुन्या चित्रीकरणावर, माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या अनुभवावरून मी निःशंकपणे म्हणेन की शुब या पूर्ण अर्थाने दिग्दर्शक होत्या. काय दाखवायचे, किती वेळ दाखवायचे, कशाच्या शेजारी ठेवायचे आणि प्रेक्षकाला कोणाच्या जागी उभे करायचे, हे चारही निर्णय त्यांचे होते. कॅमेरा चालवणाऱ्याने जे कौतुकाने टिपले होते, तेच त्यांनी त्याच्या धन्याविरुद्ध साक्षीला उभे केले, आणि तसे करताना मूळ चित्रीकरणाची मोडतोड जवळजवळ केली नाही. हे कसे साधले, ते समजून घ्यायचे तर त्या या कामाकडे कोणत्या वाटेने आल्या ते आधी पाहावे लागेल.

शुब यांचा जन्म १८९४ मध्ये, तेव्हाच्या चेर्निगोव्ह प्रांतातील सुराझ या लहान गावी झाला. मॉस्कोत त्यांनी साहित्याचे शिक्षण घेतले, आणि क्रांतीनंतर शिक्षण खात्याच्या नाट्यविभागात नाट्यदिग्दर्शक मेयेरहोल्ड यांच्या हाताखाली काम केले. कवी मायकोव्स्की आणि त्यांच्याभोवतीचे इतर कवी, चित्रकार, नाटकवाले यांच्याशी त्यांचा परिचय त्याच काळातला. त्यांचे जोडीदार अलेक्सेई गान हे कलेला उपयुक्त निर्मितीशी जोडू पाहणाऱ्या रचनावादी चळवळीचे खंदे प्रवक्ते होते आणि १९२२ मध्ये त्यांनी ‘किनो-फोत’ नावाचे नियतकालिक काढले होते. व्हर्तोव्ह आणि दिग्दर्शक कुलेशोव्ह यांचे लेखन त्यात प्रसिद्ध झाले. म्हणजे चित्रपटाविषयीचे नवे विचार शुब यांच्या घरातच घोळत होते. मात्र १९२२ मध्ये गोस्किनो या सरकारी चित्रपट संस्थेत त्यांना मिळालेले काम अगदी कारकुनी वाटावे असे होते : परदेशातून आलेले चित्रपट सोव्हिएत प्रेक्षकांसाठी ‘दुरुस्त’ करणे.

या दुरुस्तीकडे अभ्यासक सहसा एका वाक्यात पाहून पुढे जातात. माझ्या मते शुब यांच्या कलेचे मूळ तिथेच आहे. यादवी युद्धानंतर देशात कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता, स्थानिक निर्मिती अत्यल्प होती आणि चित्रपटगृहे अमेरिकी व जर्मन चित्रपटांवर चालत होती. हे चित्रपट जसेच्या तसे दाखवणे राजवटीला मान्य नव्हते, म्हणून ते कापायचे, प्रसंगांचा क्रम बदलायचा आणि मधल्या पाट्या नव्याने लिहायच्या, अशी पद्धत होती. मूकपटात पात्राच्या तोंडचे वाक्य पाटीवर असते. पाटी बदलली की तीच स्त्री, त्याच डोळ्यांतले तेच पाणी, पण रडण्याचे कारण वेगळे होते. एका अभिनेत्याच्या निर्विकार चेहऱ्याशेजारी वेगवेगळे शॉट जोडले की प्रेक्षकाला त्याच चेहऱ्यावर वेगवेगळ्या भावना दिसू लागतात, असे कुलेशोव्ह यांनी आपल्या प्रयोगातून मांडले होते. शुब यांना तोच धडा रोजच्या रोज, ठरलेल्या मुदतीत आणि दुसऱ्याने घेतलेल्या साहित्यावर गिरवावा लागत होता. चॅप्लिन यांच्या ‘कारमेन’च्या विडंबनापासून फ्रिट्झ लांग यांच्या डॉ. माबुझेवरील दोन भागांच्या जर्मन चित्रपटापर्यंत सुमारे दोनशे परदेशी चित्रपट त्यांच्या हाताखालून गेल्याचे सांगितले जाते. लांग यांचे ते दोन भाग आटवून १९२४ मध्ये एकच चित्रपट करण्यात आला, तेव्हा शुब यांच्या संकलनाच्या टेबलाशेजारी बसून हे काम शिकणारा तरुण होता सर्गेई आयझेनस्टाइन. त्याचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट तेव्हा अजून यायचा होता.

संकलक म्हणून दुसऱ्याच्या पुऱ्या झालेल्या कलाकृतीची अशी चिरफाड मला मान्य नाही, आणि तिचे समर्थनही मी करणार नाही. परंतु या कामाने शुब यांना एक गोष्ट शिकवली जी कोणत्याही चित्रपटशाळेत इतक्या पक्केपणाने शिकता येत नाही : शॉटमध्ये त्याच्या कर्त्याला जे दाखवायचे होते त्यापलीकडे बरेच काही नकळत उतरलेले असते, आणि ते दिसण्यासाठी तो शॉट पुन्हा पुन्हा, आधीची गोष्ट डोक्यातून काढून टाकून पाहावा लागतो.

१९२६ मध्ये, झारशाही उलथवणाऱ्या १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीचा दहावा वर्धापनदिन जवळ येत असताना, शुब यांनी झारशाहीच्या अखेरच्या वर्षांवर जुन्या वृत्तचित्रणातून चित्रपट करण्याचा प्रस्ताव मांडला. सोव्हकिनो या सरकारी चित्रपट संस्थेच्या व्यवस्थापनाला त्यात फारसा अर्थ दिसला नाही. जुन्या वृत्तपटांचे तुकडे जोडून पूर्ण लांबीचा चित्रपट होईल, आणि लोक तो तिकीट काढून पाहतील, अशी कल्पनाच तिथे कोणाला पटत नव्हती. समीक्षक श्क्लोव्स्की यांच्यासारख्यांनी पाठिंबा दिला, मॉस्कोच्या क्रांती संग्रहालयाची मदत मिळाली, आणि अखेर परवानगी हाती आल्यावर शुब शोधाला लागल्या. त्या उन्हाळ्यात त्या लेनिनग्राडला गेल्या. तिथल्या दमट तळघरांत आणि गोदामांत वृत्तपटांची रिळे बेवारस पडली होती. खुद्द झारच्या कुटुंबाचे खासगी चित्रीकरणही त्यांना तिथे सापडले. दुसऱ्या निकोलसच्या दरबारी छायाचित्रकाराच्या, यागेल्स्की यांच्या कंपनीने ते वर्षानुवर्षे केले होते. शिवाय पाथे, गोमों यांसारख्या फ्रेंच कंपन्यांच्या रशियातील कॅमेरामननी टिपलेले समारंभ, संचलने आणि पुढे महायुद्धाची आघाडी, असे कितीतरी साहित्य होते.

या शोधाचे जे आकडे नोंदले गेले आहेत त्यांच्याकडे संकलकाच्या नजरेने पाहायला हवे. शुब यांनी दोन महिन्यांत सुमारे ६०,००० मीटर फिल्म पाहिली, त्यातून ५,२०० मीटर निवडली आणि अंतिम चित्रपटात सुमारे १,५०० मीटर वापरली. मूकपटाच्या सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीने हिशेब केला तर ६०,००० मीटर म्हणजे जवळजवळ ५५ तासांचे चित्रीकरण, ५,२०० मीटर म्हणजे पावणेपाच तास आणि १,५०० मीटर म्हणजे साधारण ८२ मिनिटे. आज एखाद्या माहितीपटासाठी ५५ तासांचे फुटेज ऐकून कोणी दचकणार नाही. पण हे साहित्य हार्ड डिस्कवर नव्हते. ते नायट्रेट फिल्मवर होते, जी ठिणगीने पेट घेते आणि दमटपणाने सडते. अनेक रिळांना नाव, तारीख, ठिकाण काही नव्हते. कुठे निगेटिव्ह होती तर प्रिंट नव्हती, कुठे प्रिंट होती तर निगेटिव्ह हरवलेली होती. प्रत्येक तुकडा हातात घेऊन, उजेडासमोर धरून, प्रोजेक्टरवर चालवून, हा माणूस कोण, ही मिरवणूक कोणत्या सालातली, हे गणवेश कोणत्या तुकडीचे, याची खातरजमा करावी लागत होती. डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून काम करणाऱ्याचे पुढे काय होते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

‘रोमानोव्ह घराण्याचे पतन’ हा चित्रपट मार्च १९२७ मध्ये प्रदर्शित झाला. १९१३ मधील रोमानोव्ह राजवटीच्या त्रिशताब्दी सोहळ्यापासून १९१७ पर्यंतचा काळ त्यात येतो. त्यातला एक क्रम प्रत्येक संकलकाने टेबलावर घेऊन तपासावा असा आहे. जहाजाच्या डेकवर नृत्य चालले आहे. अधिकारी, उच्चकुलीन स्त्रिया, राजघराण्यातली मंडळी मजेत गिरक्या घेत आहेत. हे चित्रीकरण मुळात घरगुती आठवण म्हणून केलेले. त्यात कोणाचीही बदनामी करण्याचा हेतू असणे शक्यच नव्हते. नृत्य थांबते, लोक दमलेले दिसतात, पाटी येते आणि तिच्यात घाम येईपर्यंत नाचण्याचा उल्लेख असतो. त्यानंतरचा कट जातो तो माती उपसणाऱ्या मजुरांवर. घाम दोन्हीकडे आहे. इथे कोणताही शॉट खोटा नाही, कोणत्याही शॉटची गती बदललेली नाही, कोणाचा चेहरा विद्रूप केलेला नाही. दोन खरे शॉट शेजारी ठेवले आहेत, इतकेच. मात्र या कटचा परिणाम नेमका होण्याचे कारण असे की शुब यांनी नृत्याचा शॉट पुरेसा वेळ चालू दिला आहे. प्रेक्षक आधी त्या नृत्यात रमतो, कपडे पाहतो, चेहरे न्याहाळतो, आणि मगच त्याच्यावर मजूर येऊन आदळतात. नृत्याचा दोन सेकंदांचा तुकडा दाखवून लगेच मजुरांवर उडी मारली असती, तर ती घोषणा झाली असती.

शॉटला त्याचा वेळ देणे, हेच शुब आणि व्हर्तोव्ह यांच्यातील खरे अंतर आहे. दोघेही अभिनयाच्या, रचलेल्या कथेच्या चित्रपटाविरुद्ध होते, दोघांनाही वास्तवाचे चित्रीकरणच हवे होते, आणि शुब व्हर्तोव्ह यांचे ऋण मानत असत. पण व्हर्तोव्ह यांच्या हातात शॉट म्हणजे सुटा स्वर. तो कापून, उलटवून, दुसऱ्यात मिसळून ते नवी रचना बांधत. शुब यांच्या हातात शॉट म्हणजे कागदपत्र. त्यावरची तारीख, जागा, माणूस ओळखू आला पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. मायकोव्स्की यांच्या लेफ या डाव्या विचारांच्या लेखक-कलावंतांच्या गटात १९२७ च्या सुमारास या मुद्द्यावर जोरदार चर्चा झाली आणि तिथल्या अनेकांनी, विशेषतः समीक्षक ओसिप ब्रिक यांनी, व्हर्तोव्ह वास्तवाचे फार बारीक तुकडे करतात असा आक्षेप घेऊन शुब यांची बाजू उचलून धरली. मला स्वतःला व्हर्तोव्ह यांच्यावरचा हा आक्षेप काहीसा अन्यायकारक वाटतो, कारण ते वेगळ्याच गोष्टीच्या शोधात होते. तरीही संग्रहातील फुटेजपुरते बोलायचे तर शुब यांची शिस्तच अधिक टिकाऊ ठरली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा चित्रपट राज्यसंस्थेने काढलेला, झारशाही पडल्याच्या वर्धापनदिनासाठी बनवलेला प्रचारपट आहे. त्यात ज्यांचे घरगुती चित्रीकरण वापरले आहे त्या निकोलस, त्याची पत्नी आणि पाच मुले यांना जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे ठार मारण्यात आले होते. १९१७ मध्ये थांबणाऱ्या चित्रपटात ती गोष्ट येत नाही. पाट्यांची भाषा अनेक ठिकाणी प्रेक्षकाला एकाच निष्कर्षाकडे ढकलते. शुब यांची संयत शैली पाहून त्यांना निःपक्षपाती इतिहासकार समजण्याची चूक करू नये. पण शॉट अखंड ठेवल्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली : आज, जवळजवळ शंभर वर्षांनंतर, आपण पाटीशी असहमत होऊन चित्र मात्र पाहू शकतो. त्रिशताब्दीच्या चित्रीकरणात आजारी युवराजाला एका कोसॅक सैनिकाने उचलून घेतलेले दिसते; हिमोफिलियाने खंगलेल्या त्या मुलाविषयी आपल्याला जे वाटते ते १९२७ च्या पाट्या ठरवू शकत नाहीत. प्रचाराच्या कामासाठी वापरलेले साहित्य त्या प्रचारातून सुटून पुन्हा साहित्य म्हणून उरते, हे माझ्या मते शुब यांच्या पद्धतीचे सर्वांत मोठे यश आहे.

चित्रपट प्रेक्षकांनी उचलून धरला, आणि तरीही तुम्ही विचारलेलाच प्रश्न तेव्हा सोव्हकिनोनेही उपस्थित केला. यात लेखक कोण? शॉट तर जुनेच आहेत, मग या बाईंनी केले ते फक्त जोडकाम, अशी भूमिका घेऊन त्यांचा कर्तेपणाचा हक्क मान्य करण्यास नकार देण्यात आला. सोव्हकिनोच्या धोरणावर १९२७ च्या शरद ऋतूत झालेल्या जाहीर चर्चेत मायकोव्स्की यांनी या वागणुकीवर कडक टीका केली. जिला ‘फक्त जोडकाम’ म्हटले जाते ती व्यक्ती आजही बहुधा संकलकच असते, आणि संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्यांत सुरुवातीपासून स्त्रियांची संख्या मोठी असल्यामुळे हा अवमान कोणाच्या वाट्याला जास्त आला, हे वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास आयझेनस्टाइन बोल्शेविकांना सत्तेवर आणणाऱ्या ऑक्टोबर क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी ‘ऑक्टोबर’ चित्रित करत होते. त्यात लेनिनचे काम निकांद्रोव्ह या लेनिनसारख्या दिसणाऱ्या माणसाने केले होते. शुब यांचा याला तत्त्वतः विरोध होता : घडून गेलेली ऐतिहासिक घटना पुन्हा उभी करायला गेले की ती विकृत होते, आणि त्या काळाचे खरे चित्रीकरण उपलब्ध असताना नटाला लेनिन करणे योग्य नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मैत्री होती म्हणून त्यांनी हा विरोध गिळला नाही. पुढे झाले ते असे की ‘ऑक्टोबर’मधील हिवाळी राजवाड्यावरच्या हल्ल्याचे शॉट जगभरच्या माहितीपटांत आणि पाठ्यपुस्तकांत १९१७ चे खरे चित्रीकरण म्हणून वापरले गेले, आणि आजही वापरले जातात. शुब यांनी दिलेला इशारा इतक्या शब्दशः खरा ठरला, की संग्रहावर काम करणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

‘महान वाट’ हा त्यांचा पुढचा चित्रपट १९२७ मध्येच आला आणि त्यात क्रांतीनंतरची दहा वर्षे होती. त्यासाठी अमेरिकेत गेलेल्या निगेटिव्हही विकत घेऊन परत आणाव्या लागल्या. १९२८ मध्ये टॉल्स्टॉय यांच्या जन्मशताब्दीनिमित्त ‘दुसऱ्या निकोलसचा आणि लेव टॉल्स्टॉयचा रशिया’ हा चित्रपट त्यांनी केला. टॉल्स्टॉय यांचे चित्रीकरण फारच थोडे होते, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा देश दाखवून ती उणीव भरून काढावी लागली. या तीन चित्रपटांनी १८९६ पासूनच्या रशियन चित्रीकरणाला पहिल्यांदा इतिहासाचे साधन म्हणून प्रतिष्ठा दिली, आणि वृत्तपट जपून, नोंदवून ठेवण्याचा आग्रह शुब पुढे आयुष्यभर धरत राहिल्या.

ध्वनीच्या आगमनानंतरचा त्यांचा १९३२ चा विद्युतीकरणावरील चित्रपट मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्याचे लांबलचक नाव आद्याक्षरांनी ‘के. एश. ए.’ असे लिहिले जाते. कोमसोमोल या युवक संघटनेने विद्युतीकरणाचे पालकत्व घेतल्याची ती कहाणी आहे. यात शुब यांनी जुन्या रिळांऐवजी स्वतः चित्रीकरण करवून घेतले आणि आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित केला. सुरुवात होते ती स्टुडिओत वाजवल्या जाणाऱ्या थेरेमिन या विजेवरच्या वाद्याने. संगीत गाव्रिल पोपोव्ह यांचे आहे. बोलणारी माणसे अडखळतात, प्रखर दिव्यांमुळे डोळे बारीक करतात, मध्येच कॅमेऱ्याकडे पाहतात, आणि शुब यांनी ते सारे मुद्दाम राहू दिले. प्रत्यक्ष ध्वनीचा वापर तेव्हा किती अवघड होता हे लक्षात घेतले, तर पुढे जगभर नावाजल्या गेलेल्या अनेक प्रथा येथे बीजरूपाने दिसतात.

त्यानंतरचा काळ मात्र ओढग्रस्तीचा होता. स्त्रियांच्या जीवनावरील त्यांचा मोठा प्रकल्प १९३०च्या दशकात पटकथेपलीकडे जाऊ शकला नाही, आणि हे नुकसान मला फार मोठे वाटते. आयझेनस्टाइन यांच्या वर्गातील विद्यार्थ्यांना त्यांनी मॉस्कोच्या चित्रपट संस्थेत संकलन शिकवले. १९३९ मध्ये रोमान कार्मेन आणि बोरिस माकासेयेव्ह यांनी स्पेनच्या यादवी युद्धात केलेल्या चित्रीकरणातून त्यांनी ‘स्पेन’ उभा केला. तो पूर्ण झाला तेव्हा स्पॅनिश प्रजासत्ताक पडले होते. १९४० मध्ये पुदोव्हकिन यांच्यासोबत सोव्हिएत चित्रपटाच्या वीस वर्षांवरचा चित्रपट झाला. त्यानंतर युद्धकाळापासून मुख्यतः वृत्तपटांचे संकलन हेच त्यांचे काम राहिले. १९५९ मध्ये मॉस्कोत त्यांचे निधन झाले.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. आपल्याकडचे जुने चित्रीकरणही बव्हंशी सत्तेच्या बाजूने झालेले आहे. १९११ च्या दिल्ली दरबाराचे चित्रीकरण असो की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने काढलेले ‘इंडियन न्यूज परेड’चे वृत्तपट असोत, ज्यांच्याविरुद्ध लढा चालला होता त्यांच्याच कॅमेऱ्यातून तो काळ आपल्यापर्यंत आला आहे. असे फुटेज हाती आले की त्यावर दुःखी संगीत आणि संतप्त निवेदन चढवण्याचा मोह होतो. त्याआधी शॉट आवाज बंद करून पूर्ण पाहावा, चौकटीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे पाहावे, कॅमेरामनने कुठे थांबायचे ठरवले आणि का, हे लिहून काढावे. कागदोपत्री खात्री नसलेला शॉट विशिष्ट घटनेचा म्हणून वापरू नये. आणि दोन शॉट शेजारी ठेवून अर्थ निघत असेल, तर तिसरे वाक्य निवेदकाच्या तोंडी घालू नये.

‘रोमानोव्ह घराण्याचे पतन’ पाहताना नंतर जोडलेले संगीत बंद करावे. मूळ चित्रपट मूकपट आहे आणि त्याची लय शॉटच्या लांबीत आहे. पहिल्यांदा सलग पाहा. दुसऱ्यांदा पाट्या न वाचता फक्त चित्रे पाहा, आणि पाटीशिवाय कोणता कट उभा राहतो व कोणता कोसळतो ते टिपून ठेवा. डेकवरच्या नृत्याच्या क्रमातील प्रत्येक शॉटची लांबी सेकंदांत मोजा, मग तोच क्रम तुमच्या टाइमलाइनवर निम्म्या लांबीने लावून पाहा.